पिक्सेलचं आभाळ

फोटोशॉपमध्ये तारांगण तयार करायची एक कृती वर्षानुवर्षं हातोहात फिरत आली आहे. नवी फाइल उघडायची, लेअर काळ्या रंगानं भरायचा, फिल्टरच्या यादीतून ‘ॲड नॉइज’ निवडायचा, त्यात ‘गॉसियन’ आणि ‘मोनोक्रोमॅटिक’ हे पर्याय लावायचे. त्यावर अर्ध्या-एक पिक्सेलचा ब्लर द्यायचा आणि मग ‘लेव्हल्स’ उघडून काळ्या टोकाची खूण हळूहळू उजवीकडे सरकवायची. सुरुवातीला पडद्यावर जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा करडा गोंधळ असतो. खूण सरकत जाते तसे फिके ठिपके बुडतात, मग त्याहून थोडे उजळ ठिपके बुडतात आणि शेवटी काळ्याभोर पार्श्वभूमीवर शे-दोनशे पांढरे कण उरतात. पाच मिनिटांत आकाश तयार!

पहिल्या नजरेला ते आकाशच वाटतं. दुसऱ्या नजरेला मात्र काहीतरी खटकायला लागतं. सगळे ठिपके एकाच मापाचे दिसतात, एकही तारा नजर धरून ठेवत नाही, खोली जाणवत नाही. खगोलशास्त्राचं एक अक्षर न शिकलेला माणूसही सांगतो, ‘हे खोटं वाटतंय.’ काय खोटं आहे, हे त्याला सांगता येत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात झोपून पाहिलेल्या आभाळाचं गणित डोळ्यांनी त्याच्या नकळत टिपून ठेवलेलं असतं. चित्रकाराला नेमकं तेच गणित पिक्सेलमध्ये उतरवायचं असतं. त्यासाठी त्याला आधी ठरवावं लागतं, की हे आकाश कोण पाहतंय, कुठून पाहतंय आणि कशातून पाहतंय. हे ठरलं की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

हा खटाटोप संगणकाच्या आधीचा आहे. १९६८ साली आलेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या स्टॅन्ली कुब्रिकच्या चित्रपटात यानांच्या मागे दिसणारे तारे म्हणजे चकचकीत काळ्या कागदावर एअरब्रशनं उडवलेले पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. कॅमेऱ्याखाली तो कागद ठेवून तुकड्यातुकड्यानं त्याचं चित्रण केलं गेलं. नळीतून उडणाऱ्या थेंबांना कुठे पडायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून ते आकाश आजही पटतं.

१९८२ सालच्या ‘स्टार ट्रेक २: द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटात वेगळी वाट धरली गेली. त्यात एका निर्जीव उपग्रहाचं रूपांतर हिरव्यागार जगात होतं, असा एक छोटा संगणकनिर्मित प्रसंग आहे. तो लुकासफिल्मच्या संगणक विभागानं केला. पुढे याच विभागातून पिक्सार ही कंपनी उभी राहिली. या मंडळींनी मागचे तारे मनानं पेरले नाहीत. त्यांनी येल विद्यापीठाची तेजस्वी ताऱ्यांची यादी घेतली आणि एप्सिलॉन इंडी या सुमारे १२ प्रकाशवर्षं दूर असलेल्या ताऱ्याजवळून आकाश कसं दिसेल, ते संगणकाकडून काढून घेतलं. त्या आकाशात सप्तर्षींमध्ये एक तारा जास्तीचा दिसतो. तो आपला सूर्य. चित्रपटगृहातल्या किती जणांच्या ते लक्षात आलं असेल? तरीही ज्यांनी हे केलं त्यांनी ते करणं आवश्यक मानलं, आणि या क्षेत्रातली खरी कारागिरी ती हीच.

फोटोशॉपची नाळही चित्रपटांच्या याच जगाशी जोडलेली आहे. थॉमस नॉल यानं १९८७च्या सुमारास त्याचा पाया रचला. त्याचा भाऊ जॉन तेव्हा ‘स्टार वॉर्स’साठी स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत दृश्यपरिणामांचं काम करत होता. अडोबीनं फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९०मध्ये बाजारात आणली. १९९९ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागाच्या दृश्यपरिणामांची धुरा सांभाळणाऱ्यांत हाच जॉन नॉल होता. जिंप हे मोफत सॉफ्टवेअर नव्वदीच्या दशकातच आलं आणि पुढे सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यातही करता येतं.

पहिला प्रश्न येतो तो तारे ठेवायचे कुठे याचा. हातात ब्रश घेऊन माणूस ठिपके मारायला बसला की एका ठिपक्याच्या शेजारी दुसरा ठेवायला त्याचा हात धजत नाही. रिकामी जागा दिसली की तो ती भरतो. परिणामी ठिपके एकमेकांपासून अंतर राखून बसतात आणि चित्र आकाशापेक्षा साडीवरच्या बुट्ट्यांकडे झुकतं. खरी यादृच्छिक मांडणी अशी नीटनेटकी नसते. कागदावर दहा गुणिले दहा असे १०० चौकोन आखून त्यावर न बघता १०० दाणे फेकले, तर सरासरीनं ३७ चौकोन रिकामे राहतात, तितक्याच चौकोनांत एकेक दाणा पडतो, १८ चौकोनांत दोन-दोन, सहा चौकोनांत तीन-तीन आणि एक-दोन चौकोनांत चार किंवा त्याहून अधिक. म्हणजे मोठ्या मोकळ्या जागा आणि मध्येच दाटी, हेच नैसर्गिक आहे. या बाबतीत नॉइज फिल्टर माणसाच्या हाताहून कितीतरी सरस ठरतो, कारण त्याला शेजारच्या पिक्सेलची भीड नसते.

मोठं आकाश हवं म्हणून छोटा तुकडा करून तो शेजारीशेजारी चिकटवण्याचा किंवा आरशासारखा उलटवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. जेम्स कॅमेरॉनच्या १९९७ सालच्या ‘टायटॅनिक’मध्ये बोट बुडाल्यावर नायिका लाकडी फळीवर पडून वर पाहते. खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी जाहीरपणे दाखवून दिलं, की ते आकाश १५ एप्रिल १९१२च्या पहाटेचं उत्तर अटलांटिकवरचं नाही, आणि इतकंच नव्हे तर त्याचा डावा अर्धा भाग उजव्या भागाचं प्रतिबिंब आहे. बोटीवरच्या बशा आणि जिन्याचं नक्षीकाम जुन्या नमुन्याबरहुकूम करणाऱ्या चित्रपटात डोक्यावरचं आभाळ तेवढं असं तसं राहिलं होतं. २०१२ साली चित्रपट त्रिमितीत पुन्हा आला तेव्हा कॅमेरॉननं त्या प्रसंगातलं आकाश बदलून घेतलं.

आता तेज. खोट्या आकाशाची सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

ताऱ्यांचं तेज प्रतीत मोजतात. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग करायची पद्धत ग्रीक काळापासूनची. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८५६ साली त्याला गणिती रूप दिलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पटींचा फरक. म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. हाच पॉग्सन १८६१ साली मद्रास वेधशाळेत आला, त्याच वर्षी तिथून त्यानं एक लघुग्रह शोधला आणि त्याला ‘एशिया’ असं नाव दिलं. १८९१ साली मद्रासमध्येच त्याचं निधन झालं. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आजही त्याचीच मोजपट्टी वापरतात.

चित्रकाराला यापुढची गोष्ट कामाची आहे. एकेक प्रत खाली उतरावं तशी ताऱ्यांची संख्या साधारण तिपटीनं वाढत जाते. पहिल्या प्रतीचे मानले जाणारे तारे जेमतेम वीस-बावीस. सहाव्या प्रतीपर्यंत उतरलं की संपूर्ण खगोलावर सुमारे पाच हजार. येलच्या यादीत साडेसहाव्या प्रतीपर्यंतच्या ९,११० नोंदी आहेत. म्हणजे खऱ्या आकाशात मूठभर श्रीमंत आणि खाली अफाट गर्दी असते. नॉइज फिल्टरमधून उरलेल्या ठिपक्यांत ही उतरंड नसते. त्यांतला सर्वांत उजळ ठिपकासुद्धा सरासरी ठिपक्यापेक्षा फार उजळ नसतो. चित्र सपाट वाटतं ते त्यामुळेच.

उपाय थरांचा आहे. प्रत्येक प्रतीसाठी वेगळा लेअर घ्यायचा आणि सगळे ‘स्क्रीन’ या ब्लेंडिंग मोडमध्ये एकावर एक ठेवायचे, कारण प्रकाशावर प्रकाश पडला की उजेड वाढतो, खालचा झाकला जात नाही. प्रत्येक लेअरला कोणता आकडा द्यायचा, यातही एक खाच आहे. पडद्यावरचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा दिलेला पिक्सेल २५५च्या मानानं केवळ पाचव्या हिश्शाएवढा प्रकाश देतो. निम्म्या प्रकाशासाठी १८८ लागतात. हा हिशोब धरून सर्वांत ठळक ताऱ्याला २५५ दिले, तर पुढच्या पाच प्रतींना अनुक्रमे १६९, १११, ७१, ४४ आणि २५ हे आकडे येतात. संख्येची तिप्पट धरली, तर ५ ठळक ताऱ्यांमागे पुढच्या थरांत १५, ४५, १३५, ४०५ आणि १,२१५ तारे हवेत. शेवटचा थर इतका मंद असतो, की उजेडाच्या खोलीत तो दिसतही नाही आणि नवखा माणूस तो काढून टाकतो. तो काढू नये. दिवे मालवून पाहिलं की चित्राला खोली त्या थरामुळेच आलेली कळते. नॉइजची कृती इथे वाया जात नाही. तीच प्रत्येक थरासाठी वेगवेगळ्या मापानं पुन्हा करायची, लेव्हल्सची खूण कमी-जास्त सरकवून ठिपक्यांची संख्या जमवायची आणि ‘आउटपुट’च्या खुणेनं तेज ठरवायचं.

ठळक तारे मोठे का दिसतात? अंतरामुळे सगळे तारे बिंदूच असतात. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून जवळजवळ हजारपट तेजस्वी आहे, पण साध्या दुर्बिणीतूनही दोघांचीही चकती दिसत नाही. कॅमेऱ्यात शिरताना मात्र प्रकाश थोडा पसरतो. मंद ताऱ्याचा पसरलेला भाग अंधारात हरवून जातो. तेजस्वी ताऱ्याचा पसरलेला भागही नोंदला जातो आणि मधला पिक्सेल २५५च्या छताला टेकतो. म्हणून ठळक तारा काढण्यासाठी मोठा गोल ब्रश वापरला की तो पांढऱ्या टिकलीसारखा दिसतो आणि फसतो. त्याऐवजी ठळक थराच्या दोन-तीन प्रती करून त्यांना वेगवेगळा ब्लर द्यावा, समजा २, ६ आणि २० पिक्सेलचा, आणि प्रत्येकीची ओपॅसिटी आधीच्या प्रतीहून कमी ठेवावी. गाभा लहान आणि कडक, भोवती विरत जाणारं तेज: तारा असा दिसतो.

ताऱ्यांना फुटणारे किरणही उपकरणाचीच देणगी आहेत. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत चार किरण दिसतात, कारण तिचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांनी तोलून धरलेला आहे आणि त्या पट्ट्यांच्या कडांपाशी प्रकाशाचं विवर्तन होतं. जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सहा मोठे आणि दोन छोटे किरण येतात. त्यामागे षटकोनी आरसे आणि तीन आधारदांडे आहेत. साध्या कॅमेऱ्यात भिंगाच्या झडपेची पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. आणि झडप पूर्ण उघडी असेल तर बहुधा किरणच नाहीत. एका छायाचित्रातल्या सर्व ताऱ्यांचे किरण एकाच दिशेला असतात. चमचमत्या ताऱ्याचा तयार ब्रश फिरवून फिरवून उमटवला की हा नियम मोडतो आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्राचं आकाश तयार होतं. रायगडाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसणारं आकाश काढायचं असेल, तर त्यात हबलचे चार किरण आणण्याचं काहीच कारण नाही.

रंगाच्या बाबतीत हात जितका आखडता तितका बरा. ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून ठरतो. मृगातला काक्षी सुमारे साडेतीन हजार केल्विनचा, म्हणून तांबूस. त्याच नक्षत्रातला राजन्य बारा हजारांच्या आसपास, म्हणून निळसर पांढरा. पण ‘तांबूस’ म्हणजे सिग्नलचा लाल नव्हे. साडेतीन हजार केल्विनचा रंग पडद्यावर लाल २५५, हिरवा १९५, निळा १३५ असा काहीसा येतो, म्हणजे फिका नारिंगी. दहा हजार केल्विनचा रंग येतो २०५, २२०, २५५ च्या जवळपास: पांढऱ्यात निळ्याचा स्पर्श. हिरवा तारा तर दिसतच नाही, कारण मधल्या तापमानाचे तारे सगळेच रंग मिसळून देतात आणि डोळ्याला ते पांढरे भासतात. अंधुक उजेडात डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, त्यामुळे माणसाच्या नजरेनं आकाश दाखवायचं असेल तर केवळ ठळक ताऱ्यांना रंग द्यावा. कॅमेऱ्याच्या नजरेनं दाखवायचं तर मंद ताऱ्यांनाही थोडा चालतो. रंग गाभ्याला न देता भोवतीच्या तेजाला द्यावा, कारण खऱ्या छायाचित्रातही गाभा छताला टेकून पांढरा झालेला असतो.

जमीन चित्रात आली की नियम आणखी कडक होतात. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं जवळपास ३८ पट हवा ओलांडून येतो, म्हणून तळाशी तारे विरळ, मंद आणि थोडे पिवळट होत जातात. लेअर मास्कवर खालून वर जाणारा एक ग्रेडियंट दिला की हे साधतं. डोंगराच्या कडेला चिकटलेले टपोरे तारे म्हणजे जोडकामाची कबुलीच. पृथ्वीवरून दिसणारं आकाश पूर्ण काळंही नसतं. वातावरणाच्या वरच्या थरातला ऑक्सिजन रात्रीसुद्धा मंद हिरवट प्रकाश देत असतो, शिवाय गावाशहरांचा उजेड असतोच. म्हणून पार्श्वभूमीला ०, ०, ० ऐवजी किंचित वरचे आकडे द्यावेत. अंतराळातलं दृश्य असेल तर मात्र काळं ते काळंच. तिथे वेगळाच प्रश्न येतो. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर काढलेल्या छायाचित्रांत तारे दिसत नाहीत, कारण कॅमेरा उन्हानं तळपणाऱ्या जमिनीसाठी लावलेला होता आणि इतक्या कमी वेळात ताऱ्यांचा प्रकाश फिल्मवर उमटतच नाही. उजळलेलं यान आणि मागे खच्चून तारे, हे एकाच छायाचित्रात जमत नाही.

महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवरची रात्रीची छायाचित्रं आता खूप लोकप्रिय आहेत आणि त्यांतल्या काहींचं आकाश परक्या देशातून आणून जोडलेलं असतं. जाणकाराला ते लगेच कळतं. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढी असते; रायगडावरून तो उत्तरेला अवघा १८ अंश वर दिसतो. आकाशगंगेचा धनु राशीतला सर्वांत दाट भाग रायगडावरून दक्षिणेला जास्तीत जास्त ४३ अंशांपर्यंत चढतो. तो डोक्यावर दाखवला की चित्र ऑस्ट्रेलियाचं झालं. पूर्वेला उगवणारा मृग आपल्याकडे आडवा पडलेला असतो. उभा झालेला मृग उगवतीला काढता येत नाही. पौर्णिमेचा चंद्र आणि लखलखीत आकाशगंगा एकत्र नांदत नाहीत. चंद्रकोरीच्या खोबणीत तारा ठेवणं तर साफ चूक, कारण चंद्राचा न उजळलेला भाग तिथेच असतो आणि मागचा तारा झाकतो.

इतकी व्यवधानं सांभाळण्यापेक्षा खरंच आकाश का घेऊ नये? ‘स्टेलेरियम’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जागा, तारीख आणि वेळ भरली की त्या क्षणाचं आकाश समोर येतं. ते खाली ठेवून त्यावर निदान ठळक तारे तरी बिनचूक बसवता येतात. युरोपच्या हिपार्कोस उपग्रहानं १९८९ ते १९९३ या काळात मोजलेल्या १,१८,२१८ ताऱ्यांची यादी आणि त्यानंतरच्या गाया दुर्बिणीची अब्जावधी नोंदींची यादी सर्वांना खुली आहे. अशा याद्यांवरून नासाच्या दृश्यीकरण विभागानं २०२० साली १.७ अब्ज ताऱ्यांचे नकाशे तयार केले, तेही कुणालाही उतरवून घेता येतात. हे नकाशे गोल आकाश सपाट करून मांडलेले असल्यामुळे वरच्या आणि खालच्या कडेला ताणलेले असतात, तेव्हा त्यांचा तुकडा तसाच कापून चिकटवू नये.

शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे फाइल जतन करताना, अनेकांची मेहनत वाया जाते. चार हजार पिक्सेल रुंद चित्र एक हजारावर आणलं, की १६ पिक्सेलांचा एक होतो आणि एकट्या पिक्सेलच्या ताऱ्याचा प्रकाश १६ जणांत वाटला जाऊन तो नाहीसा होतो. म्हणून जे माप हवं त्याच मापावर काम करावं. जेपेग पद्धत बारीक तपशील आणि रंग दोन्ही खाते. मंद थराच्या जागी चौकोनी डाग उरतात. पीएनजी किंवा टिफ वापरावं. आठ बिटांच्या फाइलमध्ये आकाशाच्या गडद छटांचे पट्टे पडतात, त्यामुळे सुरुवातच १६ बिटांनी करावी.

इतकं सगळं नीट केलं तर रचलेलं आकाश आणि टिपलेलं आकाश यांत फरक करणं जाणकारालाही कठीण जातं, आणि म्हणूनच एक विनंती. चित्रपटात किंवा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते खुशाल वापरावं, तिथे कुणाची फसवणूक होत नाही. पण खऱ्या किल्ल्यावर, खऱ्या गावावर हे आकाश जोडून ते छायाचित्र म्हणून प्रसिद्ध करायचं असेल, तर खाली ‘आकाश संगणकावर रचलेलं आहे’ एवढी एक ओळ जरूर लिहावी. ते चित्र पाहून कुणीतरी रात्रभर जागण्याच्या तयारीनं त्या गडावर जाईल, आणि तिथे काय दिसणार आहे हे त्याला आधी कळायला हवं.